मानाचं पाणी

"पावसाळ्यात घरात पाणी शिरतं का?" या प्रश्नाला चिटणीस तेरूतल्या वरच्या अकराच्या अकरा घरांनी "छे!" असं उत्तर दिलं, आणि शंभरांपैकी चार मार्क मिळवून ती गल्ली कुंभकोणम् शहरात शेवटून पहिली आली.

हे चार मार्क तरी कसले, म्हणून रंगाराव चौकशीला गेले. पाहणी करणारा तरुण इंजिनियर अरुणकुमार टॅबलेटमध्ये बघून म्हणाला, "कागदपत्रं पूर्ण असल्याचे, सर. तुमचा अर्ज फार व्यवस्थित होता."

रंगाराव तिरुभुवनमच्या एका विणकर सोसायटीत तीस वर्षं हेडक्लार्क होते. व्यवस्थित अर्जाचं कौतुक त्यांना कधीच कडू लागलं नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदा लागलं.

समुद्र इथून पन्नासेक किलोमीटर लांब. पण जिल्ह्याची एक कड त्याला टेकते, म्हणून किनारी जिल्ह्यांसाठी आलेल्या एका पूरनिधीत कुंभकोणमलाही जागा मिळाली होती. पावसाचं पाणी वाहून नेणाऱ्या गटाराचा दोन तृतीयांश खर्च निधी देणार, उरलेला गल्लीने उभा करायचा. अट एकच. ज्यांचे हाल जास्त, त्यांचा नंबर आधी. यंदा पैसे तीनच गल्ल्यांपुरते होते. म्हणजे हाल सांगायचे होते. आणि चिटणीस तेरूत नेमकी तीच कला कुणाला येत नव्हती.

ही सगळी तंजावरच्या मराठी दरबाराबरोबर आलेली घराणी. दरबार गेला, हत्ती गेले, वतनं गेली, पण दरबारात कोण कितव्या आसनावर बसत असे ते मात्र गेलं नाही. वेणुगोपाळरावांच्या घराण्याचं आसन तिसरं. पहिल्या दोन आसनांचे वंशज चेन्नईला जाऊन फ्लॅटमध्ये बसले, त्यामुळे गल्लीत आता वेणुगोपाळरावच पहिले. चौथं आसन आपलं, असं रंगाराव म्हणत. चौथं आपलं, असं समोरच्या वेंकटलक्ष्मीबाईही म्हणत, आणि हा वाद दोघांच्या जन्माआधीपासून चालू होता. रामनवमीला तांबूल कुणाला आधी द्यायचा यावरून पुजारी दर वर्षी एकदा तरी रडकुंडीला येई. अशा घरांत पाणी शिरतं? शिरत होतं हो, चांगलं शिरत होतं. दिवाळीपासून कार्तिक संपेपर्यंत इथला पाऊस धिंगाणा घालतो. पण ते परक्यासमोर बोलायचं नसतं.

रंगाराव तणतणत घरी आले. विशालाक्षीबाई कॉफी गाळत होत्या.

"तू पण नाही म्हटलंस?"

"मग काय सांगू? परका माणूस ओट्यावर बसून विचारतो, तुमच्या स्वैंपाकघरांत गटाराचं पाणी येतं कां. होय म्हणू? उद्यां अस्क्या गावाला कळेल."

"अगे, कळावं म्हणूनच तर तो विचारायला आला!"

"विचारायला आला, तर काप्पी दिली की मी त्याला. दोनदां दिली."

आता रंगाराव एवढे का चिडले, ते सांगायला हवं. गल्लीच्या खालच्या टोकाला चार विणकरांची घरं होती, आणि त्यांतलं शेवटचं सुंदरचं. वरच्यांनी "छे!" म्हटल्यावर त्या चौघांनीही तेच म्हटलं होतं. सुंदरचा माग खड्डामाग. विणणारा जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून बसतो आणि पावड्या दाबतो. वरच्या अकरा घरांच्या छपरांचं आणि अंगणांचं पाणी उतारावरून येई ते थेट त्या खड्ड्यात. गेल्या कार्तिकात तेवीस दिवस माग बंद होता. लग्नाची साडी अर्धी राहिली, रेशमाचा ताणा कुजला, आणि सोसायटीने पुढचं काम दुसऱ्याला दिलं. सुंदरने पापनाशमच्या एका माणसाकडून मागाचा विसार घेतला होता. गटार होणार असेल तर ठीक. नाहीतर वैशाखात माग विकून कोइमतूरला कुठल्याशा इमारतीत वॉचमन व्हायचं, असं त्याने ठरवून टाकलं होतं. गावात त्याच्याएवढा नाजूक काठ काढणारा दुसरा विणकर नव्हता. त्याने गणवेश घालून गाड्यांचे नंबर लिहायचे, ही कल्पनाच रंगारावांना सोसेना.

शिवाय त्यांच्या मनात एक काटा होता. दोन वर्षांपूर्वी गल्लीचे सेक्रेटरी म्हणून त्यांनीच खटपट करून वरच्या घरांसमोरचा रस्ता उंच आणि सिमेंटचा करून घेतला होता. तेव्हा हारबीर घातले होते लोकांनी. पाणी तेव्हापासूनच खाली जास्त धावू लागलं, हे रंगारावांना ठाऊक होतं. आणि सुंदरला ठाऊक असूनही तो एका शब्दाने बोलला नव्हता, हे त्याहून वाईट होतं.

त्यांनी फेरतपासणीचा अर्ज घातला. अर्ज व्यवस्थित असल्याने लगेच मंजूर झाला. मग ते घरोघर फिरले.

"येतं म्हणून सांगा. घोट्याभर येतं, तर घोट्याभर सांगा. त्यांत लाज कसाला?"

"पण वेणुगोपाळ सांगतात कां?" वेंकटलक्ष्मीबाईंनी विचारलं.

"सांगतात."

"ते सांगतात तर मग मला काय?"

वेणुगोपाळरावांनीही हेच विचारलं आणि त्यांनाही हेच उत्तर मिळालं. अकरा घरं तयार झाली. इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. पण एकेकट्याने सांगताना पुन्हा कुणाची जीभ अडायला नको, म्हणून रंगारावांनी सगळ्यांना आपल्याच ओट्यावर एकत्र बोलावलं. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी अशी चूक केली नव्हती.

अरुणकुमार दहाला आला. ओट्यावर चटया, कॉफी, आणि आसनांच्या क्रमाने बसलेली मंडळी. वेणुगोपाळराव अजून यायचे होते. ते नेहमी शेवटी येत. सुंदर खाली पायरीशी उभा होता. त्याला तीनदा बसायला सांगितलं, तीनदा तो "असू दे, मामा" म्हणाला. अरुणकुमारशी सगळे तमिळमध्ये बोलत होते आणि एकमेकांशी मराठीत, त्यामुळे त्याला अर्धाच खेळ दिसत होता.

"अम्मा, तुमच्या घरात पाणी येतं?"

वेंकटलक्ष्मीबाईंनी डोळे मिटले, पदर सावरला आणि कडू औषध गिळावं तसं सांगितलं, "येतं. घोट्याभर."

रंगारावांना हायसं वाटलं. एवढ्यात वेणुगोपाळराव काठी टेकत आले. पायऱ्या चढताचढता त्यांच्या कानावर एवढंच पडलं. त्यांनी मराठीत विचारलं, "ह्यांच्या घरांत घोट्याभर?"

"होय तर," वेंकटलक्ष्मीबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात किंचित अभिमान होता.

वेणुगोपाळराव आपल्या जागेवर बसले. काठी भिंतीला टेकवली. मग अरुणकुमारकडे वळून म्हणाले, "लिहा. आमच्या घरात गुडघाभर."

वेणुगोपाळरावांच्या घराला पाच पायऱ्या होत्या.

"घोट्याभर देवघरात, म्हटलं मी," वेंकटलक्ष्मीबाईंनी घाईघाईने दुरुस्ती केली. "स्वयंपाकघर खोलगट आहे. तिथे गुडघ्याच्या वर येतं. मागच्या वर्षी पितळी घंगाळ तरंगत ओसरीवर आलं. मी स्वतः पाहिलं."

"आमच्याकडे घंगाळ तरंगतच नाही," वेणुगोपाळराव म्हणाले. "आमच्याकडे धान्याची कणगी तरंगते."

अरुणकुमार लिहीत होता. बाकीची आठ घरंही आता सरसावली. पण आठव्या आसनाने सहाव्यापुढे जायचं नाही, हा संकेत सगळ्यांना पाठ होता. त्यामुळे प्रत्येकाने आपल्या वरच्याहून दोन बोटं कमी पाणी सांगितलं, आणि वरच्यांनी आकडा वाढवला की खालचेही तेवढेच चढले. रंगारावांनी आपल्या पाळीला "चार बोटं" असं खरं काय ते सांगायचं ठरवलं होतं. त्यांनी तोंड उघडलं, समोर वेंकटलक्ष्मीबाईंच्या चेहऱ्यावर चौथ्या आसनाचं समाधान पसरलेलं दिसलं, आणि त्यांनी तोंड मिटलं.

"मांडीपर्यंत," त्यांच्या तोंडून निघालं. दाराआडून विशालाक्षीबाईंनी पातेलं आपटलं.

शेवटी वेणुगोपाळराव कमरेला पोचले. वाडवडिलांच्या तलवारी कपाटावर ठेवून आपण स्वतः त्या कपाटावर बसून विष्णुसहस्रनाम म्हटलं, असंही त्यांनी सांगितलं. अरुणकुमारने टॅबलेट खाली ठेवला.

"साहेब," तो अदबीने म्हणाला, "तुमचं घर गल्लीत सगळ्यात उंचावर. तिथे कंबरभर पाणी म्हणजे बसस्टँड अख्खा बुडायला हवा. या आकड्यांप्रमाणे तुमच्या गल्लीत पाणी खालून वर वाहतं."

वेंकटलक्ष्मीबाई म्हणाल्या, "आमच्या गल्लीत जुनी पद्धत आहे."

"भिंतीवर पाण्याच्या खुणा असतील ना?"

त्या नव्हत्या. पोंगलला सगळ्यांनी चुना काढला होता.

अरुणकुमारने सुस्कारा सोडला आणि पायरीशी उभ्या असलेल्या सुंदरकडे पाहिलं. "तुमच्याकडे किती येतं?"

सगळ्या ओट्याने सुंदरकडे पाहिलं. सुंदरने वेणुगोपाळरावांकडे पाहिलं, मग रंगारावांकडे. थोरामोठ्यांच्या घरात कंबरभर आणि मांडीभर पाणी येत असताना त्यांच्यापुढे आपला आकडा कसा ठेवायचा? तो याच गल्लीत वाढला होता.

"थोडंसं," तो म्हणाला. "उंबरा ओला होतो."

अरुणकुमारने ते लिहिलं. रंगारावांना त्या क्षणी स्वतःची इतकी लाज वाटली, की ते चप्पल न घालताच खाली उतरले. त्यांनी अरुणकुमारचा हात धरला. "चला," ते म्हणाले. "कृपा करून चला माझ्याबरोबर."

सुंदरच्या घरात माग रिकामा होता. ताणा नव्हता, नुसता सांगाडा. रंगाराव उकिडवे बसले आणि त्यांनी खड्ड्याकडे बोट दाखवलं. लाकडाच्या खुंटांवर आणि शेजारच्या भिंतीवर काळपट रेघ होती. सुंदरने चुना काढला नव्हता. चुन्याला पैसे लागतात.

"इथपर्यंत येतं," रंगाराव म्हणाले. "बसलेल्या माणसाच्या छातीपर्यंत. तेवीस दिवस. आणि हे पाणी आभाळातून इथे पडत नाही. माझ्या छपरावरून येतं. दोन वर्षांपूर्वी आमच्या दारातला रस्ता मी उंच करून घेतला, तेव्हापासून जास्त येतं. माझ्या घरात चार बोटं येतं, कधी तेवढंही नाही. हे तुम्ही लिहा."

"मामा, कसाला ते?" सुंदर मागून पुटपुटला. "जाऊं दे की."

"तू गप रे."

अरुणकुमारने खड्ड्याचा फोटो काढला, रेघ टेपने मोजली, बाजूच्या तीन घरांतही जाऊन आला. त्याचा चेहरा उजळला होता.

"सर, हे पहिल्यांदाच का नाही सांगितलं? शंभरांतले साठ मार्क याचेच आहेत. दुसऱ्यांचं पाणी ज्याच्या घरात जातं, त्याला संरक्षण आधी. फक्त वरच्या घरांनी लिहून द्यायला हवं, की आमचं पाणी खाली जातं. किती छपराचं, किती अंगणाचं, ते चौरस फुटांत. गल्लीचा वाटा त्यावरच ठरणार. ज्याचं छप्पर मोठं, तो जास्त देणार. पाणी घेणाऱ्या चार घरांना काही नाही."

रंगाराव ओट्याकडे परतताना विचार करत होते. घरात पाणी येतं हे कबूल करायला गल्लीला दोन आठवडे लागले होते. आता आपण दुसऱ्याच्या घरात पाणी सोडतो हे कबूल करायचं, वर त्याचे पैसे द्यायचे. कोण सही करील? त्यांनी अरुणकुमारला बाजूला घेतलं.

"पाणी हा शब्द काढू नका," ते म्हणाले. "फक्त छप्पर विचारा."

अरुणकुमार प्रामाणिक मुलगा होता. त्याने छप्पर विचारलं, पण नियमही वाचून दाखवला. छपराचं पाणी खालच्या घरांत जातं, म्हणून मोठं छप्पर, मोठा वाटा. एकदा नाही, तीनदा वाचला. आकडा तुम्ही सांगायचा. कुणाला तो जास्त वाटला तर टेप घेऊन माणूस येईल, मोजून कमी करून देईल. हेही दोनदा सांगितलं.

"माझं अकराशे," वेंकटलक्ष्मीबाई म्हणाल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मग थोडं थांबून म्हणाल्या, "मागची ओसरी धरली नाही त्यांत. चौदाशे लिहा."

"अम्मा, वाटा वाढेल."

"वाढूं दे! छप्पर आहे तर आहे. लपवूं काय?"

वेणुगोपाळरावांनी कॉफीचा शेवटचा घोट घेतला. "वाटा द्यायला आमचं घराणं कधी मागे राहिलं? चोवीसशे."

"चोवीसशे?" वेंकटलक्ष्मीबाई मराठीत फणकारल्या. "गाईचा गोठा धरून काय?"

"गोठा धरून. न्हाणीघर धरून. तुळशीचं वृंदावन धरून."

अरुणकुमारने मान वर न करता सगळं लिहून घेतलं. मघाशी ज्या हट्टाने पाणी वर चढलं होतं, त्याच हट्टाने आता छपरं पसरत होती. फरक एवढाच, की या वेळी खोट्याचा त्रास ज्याने त्याने स्वतःच भोगायचा होता. रंगाराव मनातून सुखावले. त्यांचं स्वतःचं छप्पर बरोबर नऊशे चौरस फूट होतं. घरपट्टीच्या पावतीवर तसं छापलेलं होतं. आपण नऊशे सांगायचे, एक तरी खरा आकडा कागदावर जाईल, असं त्यांनी पक्कं ठरवलं.

"तुमचं, सर?"

"न..." रंगाराव म्हणाले. वेंकटलक्ष्मीबाई त्यांच्याकडे पाहून हसल्या. साधंच हसल्या, शेजारीण हसते तसं.

"सोळाशे," रंगाराव म्हणाले.

आत दुसरं पातेलं आपटलं.

महिन्याभराने यादी लागली. चिटणीस तेरू शहरात दुसरी आली होती. आषाढात काम सुरू होऊन दिवाळीच्या पावसाआधी गटार पुरं होणार होतं. सुंदरने पापनाशमच्या माणसाला विसार परत केला, आणि सोसायटीतून एका साडीचा ताणा आणून मागावर चढवला. त्या दिवशी रंगाराव दुपारी झोपले नाहीत. खालच्या टोकाहून येणारा मागाचा खटखटाट ते खिडकीशी बसून ऐकत राहिले.

वाट्यांचा कागदही आला. विशालाक्षीबाईंनी चष्मा लावून तो वाचला आणि मग चष्मा काढून नवऱ्याकडे पाहिलं.

"ह्यांत आपलं नाव दोन नंबरवर आहे."

"आहे."

"घरपट्टीची पावती देऊं कां काढून? टेपवाला उद्यांच येईल म्हणतात."

"वेंकटलक्ष्मीनं बोलावलं त्याला?"

"नाही."

"मग नक्को."

टेपवाल्याला कुणीच बोलावलं नाही. तो म्हणे आठवडाभर ऑफिसात टेप गुंडाळून बसला होता. वेणुगोपाळरावांनी आपला वाटा दोन हप्त्यांत भरला आणि दोन्ही वेळा पावती हातात धरून गल्लीतून हळूहळू चालत घरी गेले. वेंकटलक्ष्मीबाईंनी मुलाकडून पैसे मागवले. त्याला काय सांगितलं ते कळलं नाही. रंगारावांनी नव्या स्कूटरचा विचार पुढच्या वर्षावर टाकला आणि ते चालणं तब्येतीला बरं, असं सगळ्यांना सांगू लागले.

शेवटचा हप्ता भरून झाला त्या संध्याकाळी सुंदर ओट्याशी आला. या वेळी त्याला बसायला सांगावं लागलं नाही. तो येऊन चटईच्या कडेला बसला, आणि भिंतीवर लावलेल्या यादीकडे बोट करून म्हणाला, "मामा, ह्यांत माझं नाव नाही कां?"

"तुला द्यायचं नाही. नियमच तसा आहे. तू पाणी घेणारा."

"अस्के देतात, आणि मी फुकट?"

"अरे, फुकट कसलं? आमचंच पाणी तुझ्या घरांत येत होतं. आम्हीच द्यायला हवं."

"ते असूं दे. पण उद्यां माझा मुलगा हा कागद वाचील. गटार अस्क्यांनी केलं, बापानं नाही केलं, म्हणेल." सुंदरचा आवाज कधी चढत नसे, आताही चढला नाही. "माझ्या मागावर पत्रा आहे. त्याच्यावर पाऊस पडत नाही काय? त्याचं पाणी पण जाईल की गटारांत."

रंगारावांनी अरुणकुमारला फोन लावला. अरुणकुमार म्हणाला की स्वखुशीने कुणी दिलं तर घेता येतं, रक्कम किरकोळ होईल, छपराचा आकडा तेवढा कळवा. रंगारावांनी यादी भिंतीवरून काढली आणि घरातली टेप घेतली. दोघं खाली गेले. सुंदरने एक टोक धरलं, रंगारावांनी दुसरं. पत्रा आठ बाय दहा भरला.

"ऐंशी," रंगाराव म्हणाले आणि यादीच्या तळाशी, वेणुगोपाळ, रंगाराव, वेंकटलक्ष्मी आणि बाकीच्या आठ नावांखाली, त्यांनी सुंदरचं नाव लिहिलं. "ऐंशी लिहूं?"

सुंदरने यादी वरपासून खालपर्यंत वाचली. चोवीसशे, सोळाशे, चौदाशे. त्याने घसा साफ केला.

"दीडशे लिहा की, मामा."

रंगारावांनी एकदा पत्र्याकडे पाहिलं, एकदा स्वतःच्या नावापुढच्या आकड्याकडे पाहिलं, आणि निमूटपणे दीडशे लिहून सुंदरची सही घेतली.